घुबडाच्या चौकटीची मागची बाजू

नाना, काल धुळ्याला जाऊन आलो. तुमच्या वाचनालयात गेलो होतो. तिथून जो राग घेऊन निघालो तो पारोळ्याला उतरला नाही, एरंडोलला उतरला नाही, जळगावच्या स्टँडवर माझ्याबरोबरच एस.टी.तून उतरला आणि घरापर्यंत चालत आला. रात्रभर झोपून सकाळी उठलो तर उशाशी बसलेलाच. म्हणून आज दुकान उघडलं, पण फळीवर बसून हे लिहितो आहे. तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे लिहीत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकायचं ते पोस्टमनलाही ठाऊक नाही, आणि नमस्काराने सुरुवात केली की माणसाला पुढे भांडता येत नाही. मला भांडायचं आहे. वाचनालयाशी आहे, त्या नव्या चिटणिसाशी आहे, आणि खरं सांगतो, तुमच्याशीही आहे.

तुमचं घुबड पुन्हा भिंतीवर आलं आहे. वाचनालयाने वरच्या मजल्यावर, जिथे जुनी वर्तमानपत्रं कुजत पडलेली असायची, तिथे दुर्मिळ वस्तूंचं दालन काढलं. दोन ताम्रपट, एक दौत, काही पोथ्या, आणि सगळ्यांच्या मधोमध ते घुबड. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. मी तुमच्या सुनेला आणि नातीला घेऊन गेलो. नात आता बारा वर्षांची आहे, सगळ्या पाट्या मोठ्याने वाचायची तिला खोड आहे. दुकानांच्या, बसच्या, मुतारीच्यासुद्धा. तिला म्हटलं, चल, तुझ्या आजोबांनी शोधलेलं चित्र दाखवतो. ती चित्रासमोर उभी राहिली, दोन मिनिटं त्या डोळ्यांत बघत राहिली, आणि मग सवयीने खालची पाटी वाचायला लागली. "घुबड. हातकागदावर जलरंग. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीचे. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहातून. उजव्या कोपऱ्यातील तेलाचा डाग तत्कालीन बाइंडरच्या निष्काळजीपणामुळे पडलेला आहे." वाचून झालं आणि तिने माझ्याकडे वळून, त्या दालनातल्या आठ-दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाइंडर म्हणजे आजोबाच ना?"

त्या वाचनालयाला आयुष्यात एकच बाइंडर होता, नाना. तुमच्या आधी पुस्तकं बांधायला बाहेर द्यायचे आणि तुमच्या नंतर बांधतच नाहीत, दोऱ्याने गुंडाळून ठेवतात. तेव्हा नाव घालायची गरजच नव्हती. ज्याने ते चित्र काढलं त्याला त्या पाटीवर जागा नाही. ज्याने पुठ्ठ्यातून सोडवलं त्याला जागा नाही. डाग पाडणाऱ्याला मात्र एक अख्खी ओळ आहे.

ते चित्र सापडलं तो दिवस मला आठवतो. म्हणजे मी तिथे नव्हतो, पण तुम्ही घरी येऊन जे सांगितलंत त्यात मी असल्यासारखाच आठवतो. एका जाड इंग्रजी पुस्तकाचा पुठ्ठा सुटला होता, पानं पुन्हा शिवून जुजबंदी करायला तुमच्याकडे आलं होतं. तुम्ही जुना पुठ्ठा सोलायला घेतलात आणि अस्तराच्या कागदाखाली काहीतरी फुगीर लागलं. खळ भिजवून, हाडाच्या पट्टीने, सकाळी अकरा ते दुपारी चार तुम्ही तो एक कागद उचलत होतात. त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता तुम्ही. संध्याकाळी भाकरी तशीच परत आली. आणि खालून निघालं घुबड. चिंचेच्या फांदीवर बसलेलं, मान जराशी तिरपी, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि अंगावरचं एकेक पीस असं सोडवलेलं की फुंकर मारली तर हलेल. दुसऱ्या दिवशी मला दुकानातून बोलावून घेतलंत. मी चोवीस-पंचवीसचा, धुळ्यात फ्रेमचं दुकान टाकून वर्ष झालेलं. तुम्ही आधी मला चित्राची पुढची बाजू दाखवलीच नाही. पालथं धरलंत. मागे मोडीत दीड ओळ होती. तुम्हाला मोडी येत होती, वाचनालयात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. तुम्ही बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत वाचलंत: पाखरू जिवंत पाहून काढिले, तीन दिवस झाडाखाली बसलो. खाली नाव नाही. फक्त "चितारी".

"समजनं का?" तुम्ही म्हणालात. "सायबानं नही काढेल. आपला मानूस शे हाऊ."

वाचनालयात तुम्ही एरवी शुद्ध बोलायचा, पुस्तकी. पण खूश झालात की अहिराणी बाहेर पडायची. त्या दिवशी मी प्रथमच वाचनालयाच्या आत तुमच्या तोंडून ती ऐकली.

मग ते वार्षिक दिवसाला भिंतीवर लावायचं ठरलं. तेव्हाचे चिटणीस आठवतात ना? धोतराचा सोगा हातात धरून बोलायचे, आणि समोरचा बोलायला लागला की सोगा झटकायचे. तुम्ही त्यांना म्हणालात की मागची ओळ कागदावर उतरवून चित्राच्या खाली लावू या. ते म्हणाले, "अहो, मागच्या बाजूला कोण बघतं? साहेबाच्या संग्रहातलं आहे, एवढं लिहिलं की वजन येतं." तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलंत, सोगा झटकला गेला, आणि तुम्ही गप्प बसलात. नाना, तुमच्या गप्प बसण्यावर एक वेगळं पत्र होईल. तुम्ही शब्द जपून वापरायचा, जसा सोनेरी वर्ख वापरावा, आणि मेलात तेव्हा निम्म्याहून अधिक शिल्लक होते.

फ्रेम मात्र माझ्याकडे आली. तुम्ही मागितलीत म्हणून नव्हे. तीन दुकानदारांना विचारलं होतं त्यांनी, दोघांनी घुबड म्हटल्याबरोबर हात आखडले. सागवानी पट्टी घेतली, कोपरे जोडले ते अजून आठवतात, केस शिरणार नाही असे. काच तर तीन बदलल्या. मी काचेला टिचकी मारतो आणि आवाजावरून ओळखतो की आतून तडकलेली आहे का; तिसरी काच घंटेसारखी वाजली तेव्हा घेतली. मागे हार्डबोर्ड, त्यावर माझ्या दुकानाचं छापील लेबल, चार बोटं रुंदीचं, लाल अक्षरात. ते चिकटवताना माझी छाती अशी फुगली होती की जणू घुबड मीच काढलंय. फक्त एक गोष्ट राहिली. आतून चारी बाजूंना काच आणि लाकूड यांच्यामध्ये गमपट्टी चालवायची असते, म्हणजे धूळ, ओल, काही आत जात नाही. वार्षिक दिवस दुसऱ्या सकाळी होता. मी तीन बाजूंना चालवली, चौथीला, खालच्या, म्हटलं, भिंतीवरच तर टांगायची आहे.

चित्र लागलं आणि आठवड्यात बोंब सुरू झाली. पहिली बाई साक्रीकडची असावी, मुलाला पुस्तक बदलून द्यायला आली होती. मी तिथे होतो, माझी फ्रेम बघायला रोज काहीतरी निमित्त काढून जायचो. ती दारातच थबकली. "माय व माय! हाई काय टांगी ठेयं आठे? घुबडना फोटू!" तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "बाई, ते काही करत नाही, कागदाचं आहे." ती म्हणाली, "कागदनं ऱ्हावो का हाडनं ऱ्हावो, डोया त उघडा शेतस ना त्याना!" आणि पोराच्या तोंडावर पदर धरून उलट्या पावली गेली. हसलो आपण दोघं. मग आणखी लोक बोलायला लागले. आपल्याकडे घुबडाला दगडसुद्धा मारत नाहीत. मारला तर ते दगड उचलून नदीवर नेतं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो. आता दगड मारला तर ही गत, मग त्याला खिळे ठोकून चौकटीत कोंडणाऱ्याचं काय? हा प्रश्न माझ्या दुकानात येऊन लोक मला विचारायला लागले. फ्रेमच्या दुकानात दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येतात, देव घेऊन किंवा मेलेल्याचा फोटो घेऊन, आणि दोघांनाही बोलायला सवड असते. मी पट्टी कापत असायचो, कान मात्र तिकडे. एक म्हणाला, कमिटीतल्या अमक्याच्या सरकीच्या गोदामाला आग लागली ती उगाच नाही. दुसरा, मी ऐकत नाही असं समजून, हळूच म्हणाला, "आणि यानी बायको पोटुशी शे. पहिलं त गयं ना."

पहिलं गेलं होतं. पाचव्या महिन्यात. तुम्हाला सांगायला नको.

मग ते झालं जे सगळ्या धुळ्याला माहीत आहे. एका सोमवारी तुम्ही वाचनालय उघडलंत तर काचेवर, घुबडाच्या दोन डोळ्यांच्या मधोमध, शेंदराचा टिळा. मारुतीच्या देवळातला, तेलात कालवलेला. कोणीतरी शनिवारी येऊन लावून गेलं होतं. पाखराला मारुतीच्या हवाली केलं होतं. तुम्ही पुसलात. पुढच्या सोमवारी पुन्हा. असे किती शनिवार झाले कोण जाणे. रात्री जेवताना तुम्ही हसत होतात. "कोन भगत पैदा व्हयना रे आमना वाचनालयमा? घुबडले शेंदूर लाई जास." आणि मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून: "तेल खाले उतरनं ना, त चित्रनं वाटोळं व्हई." मी म्हटलं, पुसत जा. त्याच जेवणात, का दुसऱ्या कुठल्या, तुम्ही मला ताटावरून उठवलंत. एवढा बाप्या झालो होतो, लग्न झालेला, तरी सुनेसमोर म्हणालात, "हात धुई ये पहिले." मला राग आला होता. हात धुऊनच बसलो होतो मी.

मे महिना. धुळ्यातला मे. भिंत बाहेरून तापायची आणि दुपारी तीनला आतून हात लावला तरी चटका बसायचा. त्या उन्हात तेल पातळ झालं, काचेवरून ओघळलं, खाली चौकटीच्या खाचेत उतरलं आणि तिथून आत गेलं. सव्वाशे वर्षं जुना हातकागद. त्याने ते टिपकागदासारखं ओढून घेतलं. उजव्या कोपऱ्यात, फांदीचं टोक जिथे संपतं तिथे, रुपयाएवढा डाग. मग बशीएवढा.

कमिटीची सभा भरली. दोन ठराव झाले, एक म्हणजे चित्र उतरवून कपाटात ठेवावं, कारण "वाचकवर्गाच्या भावना". आणि दुसरा तुम्हाला मेमो. बाइंडिंगच्या कामातले तेलकट हात लावल्याने दुर्मिळ चित्र खराब झाले. तेलकट हात! तीस वर्षं ज्या माणसाने पुस्तकाला हात लावण्याआधी आणि नंतर राखेने हात घासले त्याचे हात तेलकट. शेंदूर सगळ्यांनी पाहिला होता. पण शेंदूर म्हटला तर कोणी लावला हे शोधावं लागतं, शोधलं तर एखाद्या मोठ्या घरातली बाई निघायची, नाहीतर कमिटीतल्याच कोणाची. बाइंडर सोपा. बाइंडर कोपऱ्यात खळ ढवळत बसलेलाच असतो. आणि तुम्ही काय केलंत? मेमोच्या खाली लिहून दिलंत: "वाचले. मान्य आहे." सही. तारीख. अक्षर काय सुंदर! मान्य आहे! मी तुम्हाला म्हटलं, नाना, हे तुम्ही केलेलं नाही, मग मान्य कशाला? तुम्ही चप्पल काढून कोपऱ्यात ठेवत होतात. म्हणालात, "एवढंसं शे ते." एवढंसं! दोन वर्षांत तुम्ही गेलात, आणि त्या दोन वर्षांत तुमच्या हातात एकही जुनं पुस्तक कोणी दिलं नाही. रजिस्टरं बांधायला द्यायचे. पावतीपुस्तकं. ज्याने घुबडाचं एकेक पीस वाचवलं त्याच्याकडून पावतीपुस्तकांना भोकं पाडून घेत होते, आणि तुम्ही ती सुद्धा सरळ रेषेत पाडत होतात.

हे सगळं काल त्या दालनात माझ्या डोक्यात एकदम चढलं. मी खाली गेलो. नवे चिटणीस तरुण आहेत, सफारी घालतात, कोणत्याशा कॉलेजात शिकवतात, बोलायला गोड. मला म्हणाले, "या शेठ, बसा. चहा घेणार?" मी म्हटलं, चहा नंतर, आधी पाटी काढा. म्हणाले, कोणती? मी सांगितली. हसून म्हणाले, "अहो, ते आम्ही मनाने नाही लिहिलेलं. जुन्या फायलीत मेमो आहे. त्यावर त्यांनी स्वतः मान्य केलंय." बघा नाना. तुमची सही. तुमच्या सुंदर अक्षराने त्यांना पुरावा दिला. मी म्हटलं, मान्य करणारा माणूस आणि डाग पाडणारा माणूस एकच असतो का? आवाज चढला होता माझा. टेबलावरची काच वाजत होती. मी म्हटलं, तेल शेंदराचं होतं, बाहेरून लावलेलं होतं, आणि चित्राच्या मागे मोडी आहे ती तुमच्यातल्या एकालाही वाचता आली नव्हती, ती माझ्या बापाने वाचली, ती का नाही लावली? म्हणाले, "मोडी आहे? मागे?" खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना माहीतच नव्हतं. बारा वर्षांत वाचनालयातल्या एकानेही ते पालथं करून पाहिलं नव्हतं.

माणूस वाईट नाही. मोडीचं ऐकून त्याने लगेच शिपायाला हाक मारली. चित्र आता नव्या फ्रेममध्ये आहे. पुढे काच नाही, मी वरती टिचकी मारून पाहिली होती, ते प्लॅस्टिक आहे, बद्द वाजतं. जुनी फ्रेम टाकली का, मी विचारलं. अडगळीत आहे म्हणाले. मग मला वाचनालयाच्या नावाचा कोरा कागद काढून दिला आणि म्हणाले, "शेठ, मी पाटी आज बदलतो. पण मेमो खोटा ठरवायचा तर मला कमिटीसमोर कागद लागेल. तुम्हाला माहीत असेल तर लेखी द्या. शेंदूर कोणी लावला होता?"

मी म्हटलं, "असेल कोणीतरी देवभोळी बाई."

माझ्यामागे तुमची सून उभी होती. लेकीचा हात धरून खाली आली होती. ती तिथे काही बोलली नाही. तुमच्या हाताखाली राहिलेली आहे.

शिपायाने जुनी फ्रेम आणून दिली, हवी तर घेऊन जा म्हणाला. कोपरे अजून तसेच, केस शिरत नाही. मी ती पालथी केली, माझं लेबल बघायला. मला वाटलं, बारा वर्षांपूर्वीचं ते लाल लेबल बघून बरं वाटेल. लेबल नव्हतं. हार्डबोर्डवर चार बोटं रुंदीची एक फिकट चौकट होती फक्त. वाळवीने खाल्लेलं असतं तर कुरतडलेलं दिसलं असतं, उन्हाने सुटलं असतं तर कडा राहिल्या असत्या. इथे कागदाचा एक केसही शिल्लक नव्हता. ओल्या फडक्याने भिजवून, सावकाश, एका कडेने उचलून कोणीतरी ते काढलं होतं. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथून उचलायला सुरुवात केली, तिथे एक बारीक दुहेरी रेघ होती.

तुमच्या हाडाच्या पट्टीच्या टोकाला चीर आहे, नाना. त्यामुळे तिची रेघ दुहेरी उठते. मला माहीत आहे कारण ती पट्टी माझ्याकडे आहे. जायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ठेव, कामाला येते. रोज माझ्या हातात असते. आता हे लिहिताना समोर कागदावर वजन म्हणून ठेवली आहे.

म्हणजे कमिटीसमोर फ्रेम न्यायच्या आधी तुम्ही माझं नाव काढून टाकलंत. त्यांनी विचारलंही असेल, फ्रेम कोणाची. तुम्ही काय सांगितलंत कोण जाणे. बाजारातली, म्हणाला असाल. मला कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि मी इतकी वर्षं त्याला माझं नशीब समजत होतो. पुढच्याच वर्षी जळगावला दुकान हलवलं, दोनाची चार माणसं ठेवली, लोक म्हणतात स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. मीही म्हणतो. गल्ल्यामागे बसून कितीदा म्हटलंय.

मला राग याचा येतो की तुम्ही मला विचारलं नाहीत. एक शब्द. मला ताटावरून उठवलंत आणि हात धुऊन ये म्हणालात, त्याऐवजी एक शब्द बोलला असतात तर मी तिथल्या तिथे रडलो असतो, भांडलो असतो, काहीतरी झालं असतं. तुम्ही माझ्या नखाकडे बघितलंत आणि भाकरी मोडलीत. हा कुठला न्याय? बापाने मुलाचं पांघरूण असं करायचं असतं का, की मुलाला पांघरलंय हेही कळू नये, आणि बारा वर्षांनी त्याच्या लेकीने पाटी वाचावी?

काल रात्री जेवणं झाल्यावर तुमची सून भांडी आवरता आवरता म्हणाली, "देवभोळी बाई म्हणजे मी का?"

मी म्हटलं, तसं नाही, बोलायचं म्हणून बोललो.

"नाही, विचारते आपली. तेव्हा सातवा होता मला. मला जिना चढता येत नव्हता, वाचनालयाच्या त्या तेरा दगडी पायऱ्या मी कशी चढले असेन?" मग ताट विसळून उपडं घातलं. "कोणीतरी, कोणीतरी करता. तुमच्या शर्टाची बाही मीच धूत होते ना. शेंदूर साबणाने जात नाही."

तिलाही माहीत होतं. या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माझे कान एवढे तीक्ष्ण की आतून तडकलेली काच ओळखतो, पण मला हे कधी ऐकू आलं नाही. कारण कोणी बोललंच नाही.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक देवाची तसबीर घेऊन जातं तेव्हा मी प्रत्येकाला सांगतो, काचेला तेल लावू नका हो, खाली उतरतं. हसतात. म्हणतात, शेठ, तुम्ही नास्तिक का? नाही म्हणतो. उतरतं म्हणून सांगतो. सात शनिवार, नाना. मारुतीच्या पायापासून बोटावर घेऊन, वाचनालय बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी, तुम्ही मागच्या खोलीत दप्तर आवरत असायचात तेव्हा. मला ठाऊक होतं की चौथी बाजू उघडी आहे. धंदा माझा होता, मला नाही तर कोणाला ठाऊक असणार. पण बायकोचं पोट दिसायचं आणि त्या घुबडाचे डोळे दिसायचे, आणि मी म्हणायचो, आजच्या दिवस. मुलगी आली, धडधाकट आली, पहिल्या तासात अशी रडली की सगळा वॉर्ड उठला. तीच काल मोठ्याने पाटी वाचत होती. चितारी तीन दिवस झाडाखाली बसला, त्या पाखराने त्याला काही केलं नाही. मला काही केलं नाही. जे केलं ते मी केलं, आणि भरलंत तुम्ही.

चिटणिसांनी दिलेला तो कोरा कागद आज सकाळी समोर घेतला होता. वरती वाचनालयाचं नाव छापलेलं. त्यावर लिहिणार होतो, मा. चिटणीस यांस. आणि लिहायला लागलो ते "नाना". पाठपोट भरला, मग दुकानाच्या पॅडचे कागद लागले. शेंदूर मी लावला होता, हे तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. तुम्हाला आधीच ठाऊक होतं.

हे पत्र कुठे जाणार नाही. त्या सागवानी फ्रेमच्या पाठीमागे, हार्डबोर्डच्या आत घालून ठेवणार आहे. मागच्या बाजूला कोण बघतं. चौथ्या बाजूला गमपट्टी चालवून. तुमची सून मघाशी डबा घेऊन दुकानात आली, लिहिलेले कागद बघितले. लेकीच्या वहीतलं एक कोरं पान फाडून आणलं होतं, ते माझ्यासमोर ठेवून तिने त्यावर तुमची पट्टी ठेवली आणि गेली. त्या पानावर मी अजून फक्त तारीख घातली आहे.